मद्यमुक्तीसाठी स्वमदत गट : जवळची सभा शोधायची कशी?

पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवण्याची हमी देणाऱ्या जाहिराती बसस्थानकाच्या भिंतीपासून रेल्वेच्या डब्यापर्यंत जागोजागी चिकटवलेल्या आढळतात. दारू सोडलेली माणसे मात्र ज्या सभागृहात नियमितपणे एकत्र जमतात, त्याच्या दारावर बहुधा साधी पाटीही नसते. जमणाऱ्यांची ओळख गुप्त राहावी, हा त्या सभेचा पायाच आहे. या अनामिकतेमुळे तेथे येणाऱ्याला निर्भयपणे बोलता येते. पण तिच्यामुळेच मदतीच्या शोधात असलेल्या नवख्या माणसाला सभेचा पत्ता सहजासहजी लागत नाही. या सभा कोण भरवते, तेथे नेमके काय घडते, त्या शोधाव्यात कशा आणि कोणत्या परिस्थितीत सभेआधी डॉक्टरांकडे जाणे अत्यावश्यक ठरते, याविषयीची ही माहिती.

अडतीस जणांमागे एक

केंद्रीय सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाने २०१९ मध्ये देशातील व्यसनांविषयीचे राष्ट्रीय सर्वेक्षण प्रसिद्ध केले. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या, अर्थात एम्सच्या, राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने ते केले होते. १० ते ७५ वर्षे वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी भारतीय मद्यपान करतात, असे त्यात आढळले. मद्यपानामुळे निर्माण झालेल्या प्रश्नांसाठी ज्यांना मदतीची गरज आहे, अशांची संख्या ५.७ कोटींच्या घरात होती. त्यांपैकी सुमारे निम्मे लोक मद्यावर अवलंबून, म्हणजे मद्यपाशात सापडलेले होते.

या सर्वेक्षणातील सर्वांत बोलका आकडा उपचारांचा आहे. मद्यपाशात सापडलेल्या दर ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणत्या तरी स्वरूपाची मदत मिळाली होती. रुग्णालयात किंवा केंद्रात राहून उपचार घेतलेल्यांचे प्रमाण तर १८० जणांमागे एक इतके अल्प होते. उपचार केंद्रांची अपुरी संख्या, खर्च, रोजंदारी बुडण्याची भीती आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे लोकलज्जा, अशी याची अनेक कारणे आहेत. स्वमदत गटाच्या सभेला प्रवेश शुल्क नसते, रजा काढावी लागत नाही आणि नावनोंदणीही होत नाही. त्यामुळे उर्वरित ३७ जणांपैकी अनेकांसाठी मदतीचा हा सर्वांत जवळचा दरवाजा ठरू शकतो. तो कोठे आहे, हे त्यांना ठाऊक असायला हवे.

एका शोधातून जन्मलेली चळवळ

मद्यमुक्तीसाठी काम करणाऱ्या स्वमदत गटांमध्ये ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’, अर्थात ‘ए.ए.’, ही चळवळ सर्वांत जुनी आणि विस्तृत आहे. तिचा आरंभच एका मद्यपाश्याने दुसऱ्या मद्यपाश्याचा पत्ता शोधण्यातून झाला. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात काम करणारे बिल विल्सन मे १९३५ मध्ये व्यवसायानिमित्त ओहायो राज्यातील ॲक्रन या शहरात गेले होते. दारू सोडून त्यांना काही महिनेच झाले होते. व्यवहार फिसकटला, खिशात फारसे पैसे उरले नाहीत आणि मुक्कामाच्या हॉटेलातील मद्यगृहाकडे त्यांचे मन ओढ घेऊ लागले. त्या क्षणी आपल्यासारख्याच एखाद्या माणसाशी बोलणे हाच बचावाचा मार्ग आहे, असे त्यांना वाटले. हॉटेलात लावलेल्या चर्चच्या यादीवरून त्यांनी एका धर्मगुरूला दूरध्वनी केला आणि एकाकडून दुसऱ्याचा पत्ता घेत ते डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकांपर्यंत पोहोचले. डॉ. स्मिथ स्वतः मद्यपाशात सापडलेले होते. १२ मे रोजी झालेली ही भेट पंधरा मिनिटांत आटोपण्याचे त्यांनी ठरवले होते. प्रत्यक्षात दोघे सहा तासांहून अधिक काळ बोलत राहिले. डॉ. स्मिथ यांनी अखेरचे मद्य घेतले तो दिवस, १० जून १९३५, हा चळवळीचा स्थापना दिवस मानला जातो.

पुढे १९३९ मध्ये या गटाचे अनुभव आणि ‘बारा पायऱ्या’ ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. आज सुमारे १८० देशांत या चळवळीचे गट आहेत. भारतात तिचे काम १९५७ मध्ये सुरू झाले. देशातील कामकाजाचे समन्वयन करणारे सर्वसाधारण सेवा कार्यालय मुंबईत असून, विविध शहरांतील गट स्थानिक पातळीवरील समन्वय मंडळांमार्फत एकमेकांशी जोडलेले आहेत.

सभेत काय घडते?

बहुतेक सभा एक ते दीड तास चालतात. महापालिकेच्या शाळेतील वर्ग, चर्चचे सभागृह, रुग्णालयातील खोली किंवा एखाद्या संस्थेचे कार्यालय अशा ठिकाणी त्या भरतात. एक सदस्य सूत्रसंचालन करतो. इतर सदस्य आपले पहिले नाव सांगून स्वतःचा अनुभव थोडक्यात मांडतात. पूर्वी काय घडत होते, दारू कशी सुटली आणि आज दिवस कसा जातो, असे या कथनाचे स्वरूप असते. बोलणाऱ्याला कोणी मध्येच थांबवत नाही, उलटतपासणी घेत नाही आणि उपदेशही करत नाही. नवख्या व्यक्तीला बोलण्याची सक्ती नसते. केवळ ऐकून परत जाण्याची मुभा असते.

सभांचे दोन प्रकार आहेत. ‘बंद सभा’ ही केवळ मद्यपाशातून सुटू इच्छिणाऱ्यांसाठी असते. ‘खुल्या सभे’ला कुटुंबीय, डॉक्टर, विद्यार्थी किंवा विषयाची माहिती करून घेऊ इच्छिणारे कोणीही येऊ शकतात. पत्नी, भाऊ किंवा मित्र सोबत येणार असेल, तर सभा खुली आहे का, याची आधी खात्री करून घ्यावी.

दारू सोडण्याची इच्छा ही सदस्यत्वाची एकमेव अट आहे. सभेच्या अखेरीस खर्चासाठी एखादी पेटी किंवा थैली फिरवली जाते. तीत काही टाकणे ऐच्छिक असते. गट बाहेरून देणग्या स्वीकारत नाहीत. सभा चर्चमध्ये भरते म्हणून ती ख्रिस्ती धर्माची आहे, हा समजही चुकीचा आहे. जागा स्वस्तात किंवा सहज मिळते, एवढेच त्यामागचे कारण असते. बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख येतो. परंतु त्याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या समजुतीप्रमाणे लावावा, अशी मोकळीक आहे. अनेक नास्तिक सदस्य गटालाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानतात.

पत्ता मिळवण्याचे मार्ग

पहिला मार्ग चळवळीच्या भारतातील अधिकृत संकेतस्थळाचा. त्यावर शहरांनुसार गटांची आणि संपर्काची माहिती मिळते. यादीत सभेचा वार, वेळ, भाषा आणि सभा खुली आहे की बंद, एवढ्या चार गोष्टी पाहाव्यात.

दुसरा मार्ग हेल्पलाइनचा. सामाजिक न्याय मंत्रालयाची व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ या क्रमांकावर निःशुल्क उपलब्ध आहे. मानसिक आरोग्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ असून, तेथे प्रादेशिक भाषांमधूनही बोलता येते. जवळचे उपचार केंद्र व समुपदेशन यांसाठी या सेवा उपयोगी पडतात.

तिसरा मार्ग रुग्णालयांचा आणि व्यसनमुक्ती केंद्रांचा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील मानसोपचार विभागाला परिसरातील गटांची माहिती असण्याची शक्यता मोठी असते. अनेक केंद्रांच्या आवारातच सभा भरतात. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘मुक्तांगण’, फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईत स्थापन केलेले ‘कृपा फाउंडेशन’ आणि शांती रंगनाथन यांनी १९८० मध्ये चेन्नईत उभारलेली टी. टी. रंगनाथन क्लिनिकल रिसर्च फाउंडेशन ही या क्षेत्रातील मान्यवर नावे. केंद्रातून बाहेर पडलेल्यांसाठी पाठपुरावा गट चालवण्याची पद्धतही अशा संस्थांनी रुजवली आहे.

चौथा मार्ग ऑनलाइन सभांचा. २०२० मधील टाळेबंदीत सभागृहे बंद झाल्यावर अनेक गट संगणक आणि मोबाइलच्या पडद्यावर भरू लागले आणि त्यांतील कित्येक पुढेही चालू राहिले. लहान गावात आठवड्यातून एकच सभा भरत असेल किंवा ओळखीच्या लोकांची भीड वाटत असेल, तर सुरुवात येथून करता येते. चेहरा न दाखवता, केवळ ऐकण्यासाठी सहभागी होण्याची सोयही सहसा असते.

निघण्यापूर्वी एक फोन

यादीत छापलेला पत्ता जुना असू शकतो. शाळेच्या परीक्षा, सणवार किंवा जागेची अडचण यांमुळे सभेची वेळ बदलते. मोठ्या कष्टाने मनाची तयारी करून निघालेला माणूस कुलूपबंद दारापाशी पोहोचला, तर तो पुन्हा तेवढे धैर्य गोळा करीलच, याची शाश्वती नसते. परतीच्या वाटेवर दारूचे दुकान मात्र उघडे असते. म्हणून निघण्यापूर्वी संपर्क क्रमांकावर फोन करून खात्री करून घेणे हा शिष्टाचाराहून महत्त्वाचा भाग आहे. ‘मी पहिल्यांदाच येतो आहे’, एवढे सांगितले तरी पुरते. दाराशी भेटण्यासाठी किंवा सोबत नेण्यासाठी एखादा जुना सदस्य अनेकदा स्वतःहून तयार होतो. नवख्याला मदत करण्याने आपली स्वतःची मद्यमुक्ती टिकते, अशी या चळवळीची धारणा असल्यामुळे कोणाला त्रास देतो आहोत, असा संकोच बाळगण्याचे कारण नाही.

एकाच सभेवरून मत बनवू नये, असा अनुभवी सदस्यांचा सल्ला असतो. प्रत्येक गटाचा स्वभाव निराळा असतो. कोठे वयस्कर मंडळी अधिक, कोठे तरुण. कोठे इंग्रजीचे प्राबल्य, तर कोठे साध्या बोलीत मोकळा संवाद. पाच-सहा वेगवेगळ्या सभांना जाऊन मग निर्णय घेणे योग्य ठरते. गट मानवला की त्यातील एखाद्या अनुभवी सदस्याला मार्गदर्शक होण्याची विनंती करता येते. चळवळीत त्याला ‘स्पॉन्सर’ म्हणतात. हा मार्गदर्शक शक्यतो आपल्याच लिंगाचा असावा, असा संकेत आहे.

आपली भाषा, परके शहर

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी भाषकांपुढे आणखी एक प्रश्न असतो. इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा दिल्लीत सभा हिंदी, इंग्रजी किंवा स्थानिक भाषेत भरण्याची शक्यता अधिक. व्यवहारापुरती हिंदी येत असली, तरी घरातील भांडणे, मुलांपुढे झालेली अप्रतिष्ठा किंवा गमावलेली नोकरी यांविषयी परक्या भाषेत बोलणे सोपे नसते. येथे दोन्हींची सांगड घालता येते. आठवड्यातील एखादी सभा शहरातील जवळच्या गटात आणि एखादी मराठीतून चालणाऱ्या ऑनलाइन गटात, अशी विभागणी उपयुक्त ठरते. प्रत्यक्ष सभेचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. रात्री मन डळमळले, तर त्याच शहरात धावून येणारा माणूस तेथेच भेटतो. गावी जाताना किंवा बदली झाल्यावर आधीच्या गटाकडून नव्या ठिकाणचा संपर्क मागून घ्यावा.

घरच्यांसाठीही दार उघडे

पिणारा सभेला जाण्यास तयार नसेल, तर घरच्यांनी काय करावे? अशा कुटुंबीयांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ हा स्वतंत्र गट आहे. बिल विल्सन यांच्या पत्नी लुईस यांच्या पुढाकारातून तो १९५१ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. किशोरवयीन मुलांसाठीची ‘अलाटीन’ ही त्याची शाखा १९५७ मध्ये सुरू झाली. भारतातही अल-अ‍ॅनॉनच्या सभा भरतात. दारू आपल्यामुळे सुरू झालेली नाही आणि ती बळाने सोडवणेही आपल्या हाती नाही, हे समजल्यावर अनेक पत्नींना आणि मातांना प्रथमच मोकळा श्वास घेता येतो. पिणाऱ्याने दारू सोडलेली नसली, तरी या सभेला जाता येते. घरात मारहाण होत असेल, तर मात्र सुरक्षिततेची व्यवस्था आधी करावी.

स्त्रियांचे दुःख अधिक झाकलेले असते. उपरोक्त सर्वेक्षणात मद्यपान करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण २७.३ टक्के, तर स्त्रियांचे १.६ टक्के होते. बहुतांश सभांमध्ये पुरुषांचीच गर्दी असल्यामुळे एकट्या स्त्रीला तेथे अवघडल्यासारखे होणे स्वाभाविक आहे. केवळ स्त्रियांच्या सभा काही मोठ्या शहरांत आणि ऑनलाइन उपलब्ध आहेत. फोन करताना त्याविषयी आवर्जून विचारावे, निदान गटात स्त्री सदस्य आहेत का, एवढे तरी जाणून घ्यावे.

सभेआधी डॉक्टर कधी?

वर्षानुवर्षे रोज मोठ्या प्रमाणात दारू घेणाऱ्याने ती एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते. मद्याच्या सवयीला सरावलेली मज्जासंस्था मद्य थांबताच अतिउत्तेजित होते. हातांना कंप सुटणे, घाम येणे, झोप उडणे ही प्रारंभीची लक्षणे. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम होणे, नसलेल्या गोष्टी दिसणे, ताप चढणे अशी गंभीर अवस्था उद्भवू शकते. अशा वेळी विलंब न करता रुग्णालय गाठावे. पूर्वी दारू थांबवताना असा त्रास झालेला असेल, सकाळी उठताच हात थरथरत असतील किंवा यकृत, हृदय अथवा फिट्सचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सभा हा वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही. डॉक्टरांनी दिलेली औषधे सदस्याने सुरू ठेवावीत की नाहीत, हे गटाने ठरवायचे नसते, असे ए.ए.ची स्वतःचीच भूमिका सांगते.

नकळत दारू सोडवण्याच्या जाहिरातींपासून दूर राहणेच हिताचे. मद्याविषयी तिटकारा निर्माण करणारी डायसल्फिरामसारखी औषधे अन्नातून गुपचूप दिली आणि त्यावर रुग्णाने दारू घेतली, तर रक्तदाब घसरून प्राणावर संकट ओढवू शकते. हे औषध रुग्णाची संमती आणि डॉक्टरांची देखरेख असल्याखेरीज देऊ नये.

निवासी केंद्र निवडताना त्याची नोंदणी, डॉक्टरांची उपलब्धता आणि रुग्णांना मिळणारी वागणूक तपासावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कक्षेत मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचाही समावेश आहे. त्यामुळे अशा रुग्णालाही सन्मानाने उपचार मिळण्याचा हक्क आहे. स्वमदत गट कोणालाही दाखल करून घेत नाही, कोंडून ठेवत नाही आणि शुल्कही आकारत नाही. गटाच्या नावाखाली कोणी प्रवेश शुल्क मागितले, तर तो गट नव्हे, हे ओळखावे.

उपयोग किती?

अशा सभांचा खरोखर उपयोग होतो का, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात २७ अभ्यासांतील १०,५६५ व्यक्तींची माहिती तपासण्यात आली. रुग्णाला ए.ए.कडे पद्धतशीरपणे वळवणाऱ्या उपचारांनंतर बारा महिन्यांनी ४२ टक्के जण पूर्णतः मद्यमुक्त होते; इतर मान्यताप्राप्त उपचारपद्धतींत हे प्रमाण ३५ टक्के होते. सभेला जाणाऱ्याचा मित्रपरिवार हळूहळू बदलतो, मोकळ्या संध्याकाळी भरून निघतात आणि आपल्याला जमेल हा विश्वास वाढतो, अशी कारणमीमांसा संशोधक करतात.

हेच आकडे दुसरी बाजूही दाखवतात. निम्म्याहून अधिक लोक पहिल्या वर्षात पूर्णतः मद्यमुक्त राहू शकले नाहीत. घसरण हा या आजाराचा भाग आहे. पुन्हा दारू घेतलेला सदस्य परत आला, तर गट त्याचे स्वागतच करतो. बारा पायऱ्यांचा आध्यात्मिक सूर न रुचणाऱ्यांसाठी ‘स्मार्ट रिकव्हरी’सारखे मानसशास्त्रीय तंत्रांवर आधारलेले गट आहेत आणि त्यांच्या ऑनलाइन सभांनाही विनामूल्य उपस्थित राहता येते. एक वाट मानवली नाही म्हणून शोध थांबवण्याचे कारण नाही.

‘आजचा एक दिवस दारू घ्यायची नाही’, एवढाच संकल्प या गटांमध्ये केला जातो. सभेचा शोधही तेवढ्याच लहान पावलाने सुरू होऊ शकतो. जन्मभराच्या मद्यमुक्तीची शपथ त्यासाठी घ्यावी लागत नाही. एक क्रमांक फिरवावा, एक पत्ता टिपून घ्यावा आणि ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी तेथे पोहोचावे, इतके पुरेसे आहे.